दोन किल्ल्यांची बंदूक

१

बंदूक रिकामी होती, याबद्दल घरातल्या कुणाचंच दुमत नव्हतं. फक्त तिच्यातून निघालेले अकरा छर्रे मोनिकाच्या उजव्या खांद्यात होते, आणि त्यांचं म्हणणं वेगळं होतं.

दसऱ्याच्या सकाळी साडेनऊला, काष्टीजवळच्या एका वस्तीवर, आदिनाथनं पूजेच्या पाटावरची दुनळी उचलली. आदल्या दिवशी खंडेनवमीला तिला झेंडूची माळ घातली होती. ती माळ काढायची, बंदूक कपाटात ठेवायची आणि जेवायला बसायचं, एवढाच बेत होता. बायको समोर ताट धरून उभी होती, उतरलेली फुलं घ्यायला. बार उडाला. बराचसा देवघराच्या भिंतीत गेला. वाट चुकलेले छर्रे मोनिकाला लागले. दौंडच्या डॉक्टरांनी पट्टी बांधून नगरला पाठवलं.

तिसऱ्या दिवशी मोनिकाचे वडील काकासाहेब खर्ड्याहून पुन्हा आले आणि दवाखान्याच्या व्हरांड्यात, दोन वॉर्डांना ऐकू जाईल इतक्या खाजगी आवाजात म्हणाले की हा अपघात नाही. जावयानं मुद्दाम बार काढला. मोनिकाला कृषी सहायकाची नोकरी लागली होती, नेमणूक राजूरला, म्हणजे जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला. त्यावरून नवमीच्या सकाळीच नवरा-बायकोचं वाजलं होतं. "राजूरला गेलीस तर पुन्हा या दारात उभी राहू नको," हे आदिनाथचं वाक्य आजूबाजूच्या चार वस्त्यांनी ऐकलं होतं आणि आता ते पाचव्या वस्तीपर्यंत पोचलं होतं.

संध्याकाळी पाच वाजता फौजदार मोनिकाचा जबाब घेणार होत्या. ती जे म्हणेल त्यावर आदिनाथचं ठरणार होतं: निष्काळजीपणा, की खुनाचा प्रयत्न.

सकाळी नऊला तिच्या खाटेजवळच्या स्टुलावर शामकांत बसले होते. बसले होते म्हणजे दर दोन मिनिटांनी उठत होते. एकतीस वर्षं एका सरकारी कचेरीत हत्यारांच्या परवान्याचं टेबल सांभाळून ते निवृत्त झाले होते. दोन हजारांवर बंदुकांच्या फायली त्यांच्या हातांखालून गेल्या; बंदूक मात्र त्यांनी एकदाही हातात धरली नाही. दिवाळीत फटाके लावायची वेळ आली की त्यांना आत काहीतरी काम आठवायचं. पण कागद वाचून बंदुकीच्या मालकाचा स्वभाव सांगण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. त्यांची सून अपूर्वा राहुरीच्या कृषी कॉलेजात मोनिकाच्या वर्गात होती. तिनंच सासऱ्यांना चहाच्या कपावरून उठवून इथं आणलं होतं.

मोनिकानं सगळं सरळ सांगितलं, रडली नाही. नवमीच्या पूजेत काय काय होतं तेही सांगितलं. विळे, खुरपी, माप, फवारणीचा पंप, दुधाची किटली, तिचा लॅपटॉप. लॅपटॉप पुजायला सासूबाई नसल्यामुळे आजेसासूबाईंनी परवानगी दिली होती. फक्त त्यात करंट किती आहे ते दोनदा विचारलं होतं. दुपारी साडेबाराला मोनिकानं स्वतः बंदुकीला माळ घातली. माळ लांब होती, म्हणून भरण्यासाठी बंदूक जिथून मोडून उघडतात तिथं दोन वेढे देऊन टोकं सुईदोऱ्यानं शिवून टाकली. दसऱ्याला आदिनाथ तोच दोरा ओढून तोडत होता.

"भाऊसाहेब," ती म्हणाली, "बाबा म्हणतात तसं सांगू का सासरचे म्हणतात तसं सांगू, ते मला कुणी विचारायला नको. मला एकच कळू द्या. नळी माझ्याकडं होती तेव्हा आत काडतूस हाय हे त्यांना ठाऊक होतं का?"

शामकांतांनी घड्याळाकडे पाहिलं. आठ तास होते.

२

त्यांना वस्तीवर न्यायला बिभीषण आला. हा आदिनाथचा थोरला चुलतभाऊ, स्वतःच्या गाडीत स्वतःचाच आवाज ऐकायला आवडणारा. नगर सोडून दहा मैल होण्याच्या आत त्यानं तीन वेळा सांगितलं की त्याचा काही संबंध नाही. शामकांतांनी संबंध आहे असं एकदाही म्हटलं नव्हतं.

संबंध होता. बंदूक गहिनीनाथच्या नावावर, म्हणजे आदिनाथच्या वडिलांच्या. वय झालं, म्हणून परवान्यात वारसाचं नाव घालायचं होतं. गहिनीनाथनं आदिनाथचं घातलं. बिभीषणला वाटत होतं, आपलं घालावं. पिकात रानडुकरं येतात म्हणून नव्हे. त्याला वरातीपुढं दोन बार काढायचे होते, आणि तालुक्यात एका माणसानं तसे काढल्यापासून त्याचं फार वजन वाढल्याचं तो सांगत होता.

"तो माणूस हल्ली कुठे असतो?" शामकांतांनी विचारलं.

"येरवड्याला," बिभीषण म्हणाला, आणि त्यानं गिअर बदलला.

शामकांत मनात मांडत होते. पूजेत बंदूक भरून ठेवली, ती आदिनाथच्या हातून उडाली, की आदिनाथचं नाव परवान्यातून कायमचं गेलं. बिभीषणच्या दृष्टीनं हिशेब वाईट नव्हता. त्यांचा डावा पाय गाडीच्या तळाला ताल धरून आपटत होता. त्यांनी तो हातानं दाबून धरला, तर उजवा सुरू झाला.

नवमीला बंदुकीला हात लावला होतास का, असं त्यांनी विचारलं. बिभीषणनं नाही म्हटलं. मग मोबाईलवर फोटो आहे का, असं विचारलं. हत्यारांच्या टेबलावर शेवटच्या पाच वर्षांत ते एक गोष्ट शिकले होते: बंदूक हातात घेऊन फोटो न काढणारा माणूस अजून जन्माला यायचाय.

बिभीषणनं गाडी बाजूला घेतली. फोटो होता. सकाळी अकरा वीस. अंगणात बिभीषण काळा चष्मा लावून उभा, बंदूक मोडून हातावर टाकलेली, शहरी शिकाऱ्याच्या ऐटीत. मागे आदिनाथ ट्रॅक्टर सुरू करत होता. शामकांतांनी दोन बोटांनी फोटो मोठा केला. दोन नळ्यांची दोन गोल भोकं, आणि दोन्हींतून पलीकडचं निळं आभाळ दिसत होतं.

म्हणजे अकरा वीसला बंदूक खरोखर रिकामी होती.

"यानंतर काय केलंस?"

"मिटली, पाटावर ठेवली, आन् आदिनाथच्या मागं ट्रॅक्टरवर बसलो. विहिरीवर ट्रॅक्टर धुवायला. परत आलो तवा आरती चालू हुती. आमी दोघं बोलत नव्हतो, पन बरूबर हुतो."

साडेबाराला माळ शिवली गेली. दसऱ्याला ती तोडेपर्यंत शिवलेलीच होती. मोडायच्या जागेवर दोन वेढे असताना बंदूक उघडता येत नाही. म्हणजे काडतुसं अकरा वीस ते साडेबारा या सत्तर मिनिटांत भरली गेली. आणि त्या सत्तर मिनिटांत ज्यांच्यावर संशय होता ते दोघंही विहिरीवर ट्रॅक्टर धूत होते, एकमेकांशी न बोलता.

शामकांतांना बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. मग वस्तीवर उरलं कोण?

३

गहिनीनाथ अंगणात उभा होता. पासष्टीचा, उंच, तीन दिवसांत दाढी न केलेला. शामकांतांना पाहून त्यानं जुन्या सवयीनं हात जोडले. त्याच्या वडिलांमागं परवाना त्याच्या नावावर झाला तो शामकांतांच्याच टेबलावरून, वीसेक वर्षांपूर्वी.

नवमीला अकरानंतर कुठं होतास, हा पहिला प्रश्न. काष्टीच्या बाजारात, नारळ आणायला. नारळवाल्याशी भांडण झालं होतं, त्यामुळे साक्षीदार भरपूर. बंदूक कपाटातून कुणी काढली? त्यानंच. कपाटाची किल्ली त्याच्याच गळ्यात होती, आताही आहे. काढल्यावर आदिनाथनं पुसली, नळीतून बघितलं, रिकामी आहे म्हणाला. मग गहिनीनाथनं स्वतः का नाही बघितलं?

"पोरगं बघून म्हनलं ना."

"आणि दसऱ्याला उचलताना आदिनाथनं का नाही बघितलं?"

"आदल्या दिशी बघितली हुती की."

शामकांतांनी डोळे मिटले. टेबलावर येणाऱ्या प्रत्येक अर्जदाराला ते विचारायचे, बंदूक हातात घेतल्यावर पहिलं काय करशील? नव्वद टक्के म्हणायचे, नेम धरीन. मग ते समजावून सांगायचे: पहिलं उघडून बघशील. शेजारच्यानं बघितलेली असली तरी बघशील, तूच दोन मिनिटांपूर्वी बघितलेली असली तरी बघशील. आणि ती भरलेलीच आहे असं समजून नळी जमिनीकडं धरशील, माणसाकडं कधी नाही. अर्जदार मान हलवायचे. मान हलवणं हे माणसाच्या शरीराचं फार स्वस्त काम आहे.

सेफ्टीचं विचारलं. गहिनीनाथ पायाकडं बघू लागला. सेफ्टी आठ वर्षं सैल होती. लावली तरी आपोआप पुढं सरकायची. नगरला कारागिराकडं न्यायची राहून गेली. डुकरं आली तर वर आभाळात एक बार काढायचा, एवढंच काम, त्याला कशाला खर्च.

ते देवघरात गेले. पंचनामा झाल्यापासून कुणी तिथं हात लावला नव्हता. भिंतीवर ताटाएवढा पोपडा उडालेला. पाटावर बंदुकीची जागा रिकामी, बाकी सगळं जागच्या जागी. शामकांत खाली बसले, उठले, पुन्हा बसले. माप जोंधळ्यांनी काठोकाठ भरलेलं होतं. किटलीचं झाकण काढलं तर आत दूध, आता नासलेलं. फवारणीचा पंप हलवला तर आत पाणी वाजलं.

"पंपात पाणी कशाला?"

"आईचं असतं काहीबाही," गहिनीनाथ म्हणाला.

मग त्यांनी काडतुसांचं विचारलं. काडतुसं वेगळ्या खोलीत, लोखंडी पेटीत. पोलिसांना पेटीचं कुलूप शाबूत सापडलं, दोन काडतुसं कमी होती. किल्ली एकच. ती गहिनीनाथच्या आईच्या, साळूबाईंच्या, कमरेच्या पिशवीत. वय पंच्याऐंशी. आंघोळीला गेली तरी पिशवी नजरेसमोर ठेवते. म्हणूनच पोलिसांना आदिनाथवर संशय होता: नातू लाडका, आजीच्या कमरेची पिशवी त्याच्याशिवाय कोण सोडवेल?

"पण किल्ली तिच्याकडे दिली कुणी? परवाना तुझ्या नावावर. नियमानं बंदूक तुझ्या ताब्यात, काडतुसंही तुझ्याच. घरात दुसऱ्या कुणाच्या हाती ती लागताच कामा नयेत. ही अक्कल तुला शिकवली कुणी?"

गहिनीनाथनं पहिल्यांदा त्यांच्या डोळ्यांत बघितलं.

"भाऊसाहेब, तुमी."

४

त्यांना आठवलं. आठवायला नको होतं, पण अक्षरासकट आठवलं. नियम सरळ होता आणि एका ओळीत मावत होता. त्या ओळीत शामकांतांनी आपल्या पदरचं शहाणपण घातलं होतं. बंदुकीची किल्ली तुझ्याकडे ठेव, काडतुसांची दुसऱ्या कुणाकडे. दारू प्यायलास, भांडलास, तरी दोन किल्ल्या एकत्र यायला वेळ लागेल. आणि दुसरी किल्ली अशा माणसाकडे दे, ज्याला बंदुकीतलं काहीच कळत नाही. म्हातारी आई असेल तर उत्तम.

हा सल्ला त्यांनी किती जणांना दिला होता? अंगणात ते येरझाऱ्या घालू लागले. चुलीपासून गोठ्यापर्यंत, गोठ्यापासून चुलीपर्यंत. गोठ्यातली म्हैस त्यांच्याबरोबर मान फिरवत होती.

दोन वाजता फौजदार जया आल्या. तरुण, कडक, आणि शामकांतांना ओळखणाऱ्या. पहिल्या नेमणुकीवर असताना त्यांनी पाठवलेला एक अहवाल शामकांतांनी तीनदा परत केला होता आणि चौथ्यांदा आल्यावर त्यावर सही केली होती. नगरला जबाबाला जाण्यापूर्वी गहिनीनाथला पुन्हा विचारायला त्या वस्तीवर आल्या होत्या. आदिनाथ जीपमध्ये मागं बसला होता. त्याला उतरू दिलं नाही. शामकांतांनी काचेतून बघितलं: माणूस गुडघ्यांत डोकं घालून बसला होता आणि हातांची बोटं एक-एक करून मोजत होता, पुन्हा पुन्हा.

जयाबाईंचं मत ठरल्यासारखं होतं. त्या सत्तर मिनिटांत घरात मोनिका आणि आजींशिवाय कुणी नव्हतं हे खरं. पण आदिनाथ विहिरीवरून मधेच येऊन गेला असेल. ट्रॅक्टरला पाच मिनिटं लागतात.

शामकांतांनी त्यांना पंचनाम्याचे फोटो मागितले. त्यांनी मोबाईल पुढं केला. बंदूक जप्त करताना उघडून काढलेला फोटो: दोन नळ्यांत दोन काडतुसांची पितळी बुडं. उजवं ठोकलेलं, मधोमध खळगा. डावं तसंच भरलेलं, न उडालेलं. दोन्हींवर लालसर काही होतं.

"हे काय?"

"कुंकू. पूजेत सांडलेलं. पंचनाम्यात लिहिलंय, कुंकवाचे डाग."

शामकांतांनी फोटो मोठा केला, आणखी मोठा केला. डाव्या बुडावर कुंकवाचा एक गोल ठिपका होता, बोटानं लावलेला, आणि त्याला तांदळाचा एक दाणा चिकटला होता.

त्यांचे पाय त्या दिवसात पहिल्यांदा थांबले.

"फौजदार, पूजा झाली तेव्हा बंदूक मिटलेली होती. वरून माळ शिवलेली. वरून टाकलेलं कुंकू लाकडावर पडेल, नळीवर पडेल. मिटलेल्या बंदुकीच्या आत, काडतुसाच्या बुडावर, मधोमध गोल ठिपका कसा पडेल?"

जयाबाईंनी मोबाईल स्वतःकडं ओढला.

"काडतूस आत घालून, बंदूक मिटायच्या आधी, कुणीतरी त्याला हळदीकुंकू लावलंय," शामकांत म्हणाले. "अक्षताही वाहिल्यात. बायकोचा जीव घ्यायला निघालेला माणूस काडतुसाची पूजा करत नाही. एवढा वेळ त्याच्याकडे नसतो. ज्यानं बंदूक भरली त्याला ती उडवायची नव्हती. त्याला ती पुजायची होती."

"म्हणजे कोण?"

 शामकांतांच्या डोळ्यांपुढं जोंधळ्यांचं माप होतं, पाण्यानं भरलेला पंप होता, आणि दोनदा करंट विचारून ठेवलेला लॅपटॉप होता.

"आजी जेवल्या का?" त्यांनी गहिनीनाथला विचारलं.

५

साळूबाई मागच्या पडवीत भिंतीला टेकून बसल्या होत्या. समोर ताटात भाकरी, तिला हात लागलेला नव्हता. गहिनीनाथ म्हणाला की तीन दिवस असंच चाललंय, सुनेचं तिनं फार मनाला लावून घेतलंय. जयाबाई दाराशी थांबल्या. शामकांत जमिनीवर मांडी घालून बसले, त्यांच्या गुडघ्यांनी त्याबद्दल आवाज केला.

किल्ली कुणाला दिली होती का, हे त्यांनी विचारलं नाही. पोलिसांनी ते गहिनीनाथमार्फत विचारून घेतलं होतं आणि उत्तर मिळालं होतं, न्हाई. उत्तर खरं होतं. प्रश्न चुकला होता.

"आजी," ते म्हणाले, "बंदूक भरायला तुम्हाला कुणी शिकवलं?"

गहिनीनाथ हसण्याच्या बेतात होता. आईचा चेहरा बघून त्याचं हसू जागीच राहिलं.

"मालकांनी," साळूबाई म्हणाल्या. त्या बोलायला लागल्या तशा थांबल्याच नाहीत. तरुणपणी उसात डुकरं पडायची तेव्हा मालक मचाणावर बसायचे आणि त्या खाली. एक बंदूक उडाली की मालक ती खाली सोडायचे, त्या उघडून, भरून, मिटून वर द्यायच्या. मिटली की ती आपोआप बाराला तयारच असायची, वरच्याला नुसता चाप ओढायचा. "डोळं झाकून भरीत हुते. गहिनी तवा पोटात हुता."

गहिनीनाथनं पडवीचा खांब धरला. पासष्ट वर्षांत त्याला हे कुणी सांगितलं नव्हतं; त्यानंही कधी विचारलं नव्हतं.

नवमीला घरात सामसूम होती. नातसून चुलीपाशी, बाकी सगळे बाहेर. साळूबाई पाट मांडत होत्या. त्यांच्या सासूनं त्यांना शिकवलं होतं आणि सासूला तिच्या सासूनं: नवमीला रितं काही पुजायचं नाही. रितं पुजलं तर वर्षभर रितं राहतं.

"मापात जुंधळं घातलं. किटलीत दूध घातलं, पंपात पानी घातलं. सुनंच्या त्या डब्यात करंट भरला. मग बंदुकीनं काय घोडं मारलं हुतं? मालक गेल्यापासून ती दरसाल रितीच पुजली जायाची. गहिनी आन् पोरं भवती असायची, मी गप बसायची. औंदा कुनी नव्हतं. म्हनलं, एक डाव तरी भरून पुजू."

"आणि पूजा झाल्यावर ती काढायची कुणी, आजी?"

साळूबाईंनी त्यांच्याकडं असं बघितलं, जसं शिकलेल्या माणसाकडं बघतात.

"आरं, माप जो उचलतो तो आदी दानं काढून घेतो. किटली जो उचलंल तो दूध काढंल. बंदूक जो उचलंल त्यानं आत बघाय नको?"

 तो प्रश्न एकतीस वर्षांत शामकांतांनी दोन हजार माणसांना विचारला होता, आणि इतका सरळ कधी विचारला नव्हता.

मग साळूबाईंच्या तोंडचा तो कडकपणा गेला. हातातली पिशवी त्या चुरगाळू लागल्या. बार ऐकला तेव्हाच त्यांना कळलं होतं. सांगायला बाहेर आल्या होत्या. पोलीस म्हणाले, आजी तुम्ही आत बसा, तुम्हाला काय कळतंय यातलं. "म्हनून बसले. घास उतरंना. आदिनाथला सोडा, त्याला म्हाईत नव्हतं. मला न्या."

जयाबाईंनी टोपी काढून हातात घेतली. त्या म्हणाल्या की आजींचा जबाब त्या स्वतः घेतील, आज नाही, आणि त्याआधी आजींनी अर्धी तरी भाकरी खाल्ली पाहिजे, हा हुकूम आहे. हुकूम म्हटल्यावर साळूबाईंनी भाकरी मोडली.

गहिनीनाथ गळ्यातली किल्ली काढून जयाबाईंपुढं धरून उभा होता. परवाना जमा करतो, म्हणाला. जयाबाई म्हणाल्या, तुम्ही केला नाहीत तरी होणार आहे. सैल सेफ्टी, परक्या हाती काडतुसं, न बघता उचललेली बंदूक. यातलं एक जरी कुणी नीट केलं असतं तरी फुलं ताटात पडली असती आणि सगळे जेवायला बसले असते.

"माझाही जबाब घ्या," शामकांत म्हणाले. "किल्लीचा सल्ला माझा."

जयाबाईंनी विचार केला. "सल्ल्याला कलम नाही, भाऊसाहेब."

शामकांतांना त्याचा आधार वाटला नाही. जीपमध्ये बसेपर्यंत ते मनात आठवत होते, आणखी किती पेट्यांच्या किल्ल्या त्यांनी किती आज्यांच्या कमरेला लावल्या होत्या. घरी गेल्यावर एकेकाला पत्र लिहायचं होतं.

६

पाचला दहा कमी असताना ते दवाखान्यात पोचले. काकासाहेब दारातच उभे होते. त्यांनी काय बोलायचं ते पाठ करून ठेवलं होतं, पण शामकांत थांबलेच नाहीत. साठी ओलांडलेला माणूस इतक्या वेगानं चालताना बघून काकासाहेबच बाजूला झाले.

त्यांनी मोनिकाला सगळं सांगितलं. फोटोतलं आभाळ, शिवलेली माळ, कुंकवाचा ठिपका, साळूबाईंच्या हातची पूजा. दसऱ्याला माळेचा दोरा चापाच्या कडीत अडकला होता आणि तो हिसडताना चाप ओढला गेला, असं आदिनाथनं जीपमध्ये सांगितलं होतं. 

"म्हणजे त्यांना ठाऊक नव्हतं," ती शेवटी म्हणाली.

"नव्हतं."

तिनं श्वास सोडला. तीन दिवस धरून ठेवलेला असावा. खांदा दुखला तरी सोडला. मग तिनं विचारलं, "आणि नळी माझ्याकडं का होती?"

शामकांतांना खोटं बोलता आलं असतं. ते सोपं होतं, आणि बाहेर एक माणूस जीपमध्ये बोटं मोजत बसला होता.

"नळी कुठं वळलीय ते त्यानं बघितलंच नाही," ते म्हणाले. "आत काय आहे तेही नाही, समोर कोण आहे तेही नाही. त्याला वाटलं, रिकामी आहे."

जयाबाईंनी कागद काढला. काकासाहेब म्हणाले, पोरी, नीट विचार कर, आदल्या दिवशी तो काय बोलला ते लिही. मोनिका म्हणाली, बाबा, ते भांडण होतं, ते माझ्या घरातलं आहे, त्याचं मी बघीन. आणि फौजदारांकडं वळून एकेक शब्द सुटा करून सांगितलं.

"लिहा. माझ्या नवऱ्याला मला मारायचं नव्हतं. मी समोर उभी हाय हे त्यानं बघितलं नव्हतं. दोन्ही लिहा. एक लिहून दुसरं सोडू नका."

सही तिनं डाव्या हातानं केली. फार वेळ लागला. कुणी घाई केली नाही.

मग जयाबाईंनी आदिनाथला आत सोडलं. तो दारात आला आणि तिथंच थांबला, हात मागं बांधून, हात कुठं ठेवावेत ते माहीत नसल्यासारखा.  मोनिकानं डाव्या हातानं स्टूल दाखवलं. तो ते खाटेजवळ ओढू लागला.

"तिथंच राहू द्या," ती म्हणाली. "पायाकडं. बसा."

तो बसला. शामकांत उठून निघाले होते, पण दाराशी त्यांचे पाय पुन्हा रेंगाळले. काकासाहेब भिंतीकडं तोंड करून उभे होते.

"मला एक तारखेला हजर व्हायचंय," मोनिका म्हणाली. "खांदा बरा झाला तर एकटी जाईन, नाही झाला तरी जाईन. तुमी राजूरला येता का?"

आदिनाथनं लगेच तोंड उघडलं.

"लगेच बोलू नका," ती म्हणाली. "आधी नीट बघून घ्या. न बघता केलेलं काय असतं, ते माझ्या खांद्यात हाय."